पहिलं कॅम्पिंग, दोन मुलं आणि सासू-सासरे: तंबू निवडण्याआधी रात्रीचा विचार करा

प्रश्न थोडक्यात असा आहे. कुटुंब न्यू जर्सीत एडिसनला राहतं. मुलगी नऊ वर्षांची, मुलगा चार वर्षांचा, आणि सांगलीहून मे महिन्यात आलेले सासू-सासरे ऑक्टोबरपर्यंत इथे आहेत. जवळच्या एखाद्या स्टेट पार्कमध्ये सगळ्यांनी मिळून पहिल्यांदाच कॅम्पिंगला जायचंय. तंबू आठ माणसांचा घ्यावा की दहा, सामानाची यादी मिळेल का, चार जुलैच्या वीकेंडला कुठे जाता येईल, असं ताईंनी विचारलंय. शेवटी एक ओळ जोडली आहे: सासूबाईंचे गुडघे दुखतात, पण त्यांना घरी थांबायचं नाही, नातवंडांबरोबर तंबूतच झोपायचंय.

ताई, मला तुमचा सगळा प्रश्न त्या शेवटच्या ओळीत दिसतो. मी बरीच वर्षं न्यू जर्सी आणि पेनसिल्व्हेनियातल्या स्टेट पार्कांत मुलांना घेऊन जाते आणि पहिल्यांदा जाणाऱ्या ओळखीतल्या कुटुंबांना सोबतही नेते. ज्यांनी एकदा जाऊन पुन्हा कॅम्पिंगचं नाव काढलं नाही, त्यांना कारण विचारलं की बहुतेक वेळा रात्रीचंच काहीतरी निघतं. खालून गारठा आला, मूल रात्रभर कुरकुरलं, अंधारात बाथरूमला लांब जावं लागलं, आजी शेवटी गाडीत जाऊन बसल्या. दिवसाची तक्रार सहसा कोणी करत नाही. तळं असतं, ट्रेल असते, मुलं काठ्या आणि दगड गोळा करण्यात तासन् तास रमतात. म्हणून मी नियोजन रात्रीपासून सुरू करते. ज्याला झोप लागणं सगळ्यात अवघड, त्याची सोय आधी, बाकी सगळं त्यानंतर. तुमच्या घरात सासूबाईंचा नंबर पहिला आणि चार वर्षांच्या मुलाचा दुसरा.

आता यातलं बरंच तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहे, पण ती परिस्थिती घरबसल्या तपासता येते. सासूबाईंना एक रात्र हॉलमध्ये जमिनीवर गादी घालून झोपू द्या. रात्री उठताना खुर्चीचा किंवा कोणाच्या हाताचा आधार लागला, तर तंबूच्या जमिनीवर त्यांना झोपवू नका. तंबूत धरायला काहीच नसतं. भिंत धरली तर ती आत येते. त्या रात्रीत किती वेळा उठतात तेही बघा. एकदा उठत असतील तर बाथरूमपर्यंत हात धरून नेता येईल. तीन-चारदा उठत असतील तर बाथरूम आतच असलेली जागा हवी, किंवा तंबूजवळ पडदा लावून कमोडची घडीची खुर्ची ठेवायची. हा विषय घरात बोलायला अवघड वाटतो, मला कल्पना आहे. पण सुनेने आपणहून मोकळेपणाने विचारलं की सासूबाईंना हायसं वाटतं. कित्येक आज्या या एका भीतीपोटी दुपारपासून पाणी प्यायचं बंद करतात, आणि जुलैच्या उकाड्यात त्यांना चक्कर येण्याचं ते अगदी साधं कारण असतं.

जमिनीवरून उठता येत नसेल तर दोन मार्ग आहेत. पहिला, घडीची खाट, म्हणजे कॅम्पिंग कॉट. ती जेवणाच्या खुर्चीइतकी उंच घ्या, सोळा ते अठरा इंच. सहा-आठ इंचांच्या बुटक्या कॉट दिसायला सुटसुटीत असतात, पण गुडघेदुखीवाल्या माणसाला त्यावरून उठणं जमिनीवरून उठण्याइतकंच जड जातं. कॉटच्या खाली हवा खेळते, त्यामुळे पाठीला गार लागतं हे खूप जणांच्या लक्षात येत नाही. कॉटवर फोमची चटई आणि वर घरची जाड गोधडी घातली की काम होतं.

दुसरा मार्ग मला तुमच्यासाठी जास्त योग्य वाटतो. सासू-सासऱ्यांसाठी पार्कमधलंच कॉटेज, यर्ट किंवा केबिन घ्या. पेनसिल्व्हेनियाच्या कित्येक स्टेट पार्कांत कॅम्पिंग कॉटेज असतात. लाकडी खोली, बंक बेड, दिवे, विजेचा हीटर, पुढे छोटा ओटा, बाहेर शेकोटीची रिंग आणि टेबल. यर्ट म्हणजे गोल, कापडी भिंतींचं घर. त्यात बेडशिवाय शेगडी आणि फ्रीजही मिळतो. दोन्हींत पाच जणांची सोय असते आणि बाथरूम बाहेर, सगळ्यांसाठीचं एकच. बाथरूम आत हवं असेल तर 'मॉडर्न केबिन' बघा. न्यू जर्सीत अलेअर स्टेट पार्कमध्येही यर्ट आहेत आणि ते एडिसनहून जवळ पडतं. सासूबाईंची नातवंडांबरोबर झोपायची हौस यात पूर्ण होते: मुलं आजी-आजोबांबरोबर बंकवर, सोबत तुमच्यापैकी एक जण. दुसऱ्याने जवळच्या साइटवर तंबू लावायचा. चार वर्षांचा मुलगा पहिल्या रात्री तंबूत रडला तर त्याला नेऊन झोपवायला पक्की खोली हाताशी राहते. केबिन घेतली म्हणजे खरं कॅम्पिंग झालं नाही, असं कोणी म्हटलं तर मनावर घेऊ नका. पेनसिल्व्हेनियातल्या पोकोनोज डोंगरांमधल्या प्रॉमिस्ड लँड स्टेट पार्कच्या लाकडी केबिन १९३०च्या दशकात सिव्हिलियन कॉन्झर्व्हेशन कोअरच्या तरुणांनी बांधल्या. मंदीच्या काळात बेरोजगार पोरांना काम देण्यासाठी ही योजना १९३३ ते १९४२ अशी चालली आणि देशभरातल्या किती तरी पार्कांचे रस्ते, पूल, केबिन तिच्यातून उभे राहिले. पार्कमध्ये कुटुंबांनी केबिनमध्ये उतरणं तेव्हापासून चालत आलंय.

अडचण बुकिंगची आहे. पेनसिल्व्हेनियात बुकिंग अकरा महिने आधी उघडतं आणि कॉटेज, यर्ट आधी संपतात. चार जुलैच्या वीकेंडचा नाद मी तुमच्या जागी सोडून देईन. त्या वीकेंडला बहुतेक ठिकाणी किमान तीन रात्री घ्याव्या लागतात, सगळे लूप, म्हणजे साइट ज्यांच्या कडेने असतात ते गोल रस्ते, भरलेले असतात, बाथरूमसमोर रांग लागते आणि आजूबाजूला उशिरापर्यंत गडबड चालते. पहिल्यांदा जाणाऱ्यांना यातलं काहीच झेपत नाही. त्याऐवजी जूनच्या शेवटच्या आठवड्यात शाळा सुटल्या सुटल्या रविवार ते मंगळवार असं जा. दोन दिवस रजा पडेल, पण निम्मं पार्क रिकामं मिळेल. नाही तर थेट लेबर डेच्या, म्हणजे सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारच्या सुट्टीनंतरचे दिवस. सासू-सासरे ऑक्टोबरपर्यंत आहेत म्हणून हे सुचवते. डास कमी झालेले असतात, हवा कोरडी असते, रात्री गार असतात पण पांघरुणात छान झोप लागते. सप्टेंबरमध्ये अंधार लवकर पडतो, आणि चार वर्षांच्या मुलासाठी ते चांगलंच. जूनअखेर सूर्य साडेआठला मावळतो आणि नऊपर्यंत उजेड रेंगाळतो. अशा वेळी त्याला झोपवणं म्हणजे कसरत. रद्द झालेल्या जागा परत यादीत येत असतात, त्यामुळे आज 'फुल' दिसलं तरी आठवडाभर रोज एकदा बघत राहा.

रात्री किती, याबद्दल माझं मत ठाम आहे: दोन. एका रात्रीसाठी सहा जणांचं सामान काढायचं, लावायचं, गुंडाळायचं, आणि पहिल्या रात्री नव्या जागेत कोणालाच धड झोप लागत नाही. दुसऱ्या रात्री सगळे दमून गाढ झोपतात, आणि मुलांना जे आठवत राहतं ते बहुतेक दुसऱ्या दिवसाचं असतं. मात्र निघतानाच सगळ्यांसमोर बोलून ठेवा की नाहीच जमलं तर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घरी यायचं, त्यात कमीपणा नाही. त्यासाठी पार्क घरापासून दोन तासांच्या आत हवं.

आता पार्क. सगळ्यात जवळचं चीझक्वेक, अर्ध्या तासावर. तिथे खारं पाणथळ रान आहे, व्हाइट सीडर झाडांची दलदल आहे, पोहायला छोटं तळं आहे. गार्डन स्टेट पार्कवे शेजारून जातो, त्यामुळे गाड्यांचा आवाज येतो आणि उन्हाळ्यात डासही भरपूर. पण मध्यरात्री काही लागलं तर घर जवळ आहे, ही सोय मोठी आहे. केबिन मिळालीच नाही आणि सगळ्यांनी तंबूतच राहायचं ठरलं, तर पहिली खेप इथेच करा. थोडं लांब चालणार असेल तर पेनसिल्व्हेनियातलं हिकरी रन. तिथलं बोल्डर फील्ड तुमच्या दोन्ही मुलांना वेड लावेल: जंगलाच्या मधोमध सोळा एकरांच्या आसपास पसरलेले नुसते दगड, झाड नाही, माती नाही, शेवटच्या हिमयुगातल्या थंडीने फोडून सरकवलेले. गाडी अगदी कडेपर्यंत जाते, त्यामुळे सासू-सासरे खुर्ची टाकून बसू शकतात आणि मुलं दगडांवरून उड्या मारू शकतात. दगड हलतात, म्हणून चपला नकोत, बूट घाला.

रिकेट्स ग्लेनचं नाव तुम्हाला कोणीतरी सुचवेलच. धबधबे फार सुंदर आहेत, सगळ्यात उंच गनोगा फॉल्स ९४ फुटांचा. पण त्यांच्या काठाने जाणारी वाट ओल्या दगडी पायऱ्यांची आणि चढाची आहे. चार वर्षांचं मूल आणि दुखरे गुडघे घेऊन ती पूर्ण करायची नाही. दोन वर्षांनी जा. न्यू जर्सीच्या वरच्या टोकाला हाय पॉइंट आहे, १,८०३ फुटांवर, राज्यातली सगळ्यात उंच जागा. उन्हाळ्यातही पहाटे तिथे स्वेटर लागतो. आणि राउंड व्हॅलीचे फोटो पाहून हुरळून जाऊ नका. तिथल्या कॅम्पसाइटपर्यंत गाडी जात नाही, सामान पाठीवर घेऊन चालत किंवा बोटीने जावं लागतं.

पार्क ठरलं की साइट निवडायची, आणि इथे अर्धा तास घालवाच. नकाशावर बाथरूमची खूण शोधा आणि तिच्यापासून तीन-चार साइट सोडून पुढची घ्या. अगदी शेजारची घेतली तर रात्रभर दाराचा धाडधाड आवाज आणि दिव्याचा झोत तंबूवर. फार लांबची घेतली तर मूल अर्ध्या वाटेतच कपडे ओले करतं. लूपच्या आतल्या साइटला चारी बाजूंनी शेजारी असतात, बाहेरच्या कडेच्या साइटला मागे झाडी असते. फोटो असतील तर जमीन सपाट आहे का बघा. साइटवर माणसं, तंबू आणि गाड्या किती चालतात याची मर्यादा प्रत्येक ठिकाणी वेगळी असते. तुम्ही सहा जण आहात, म्हणून ती बुक करण्याआधीच वाचा.

तिथे पोचल्यावर तंबूची पिशवी उघडण्याआधी मान वर करा. डोक्यावर वाळलेली फांदी लटकत असेल तर तिच्याखाली तंबू लावायचा नाही. आपल्या भागात अॅशची झाडं मोठ्या संख्येने उभ्या उभ्या मेली आहेत. एमराल्ड अॅश बोरर नावाचा हिरवा भुंगा २००२ मध्ये मिशिगनमध्ये सापडला आणि तिथून इकडे पसरला. साल सोलून पांढरट पडलेलं खोड दिसलं की रेंजरला सांगून साइट बदलून मागा, सहसा देतात. याच कारणासाठी घरून लाकूड न्यायचं नाही. कीड लाकडातून प्रवास करते. २०१४ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या बर्क्स काउंटीत सापडलेली स्पॉटेड लँटर्नफ्लाय आता तुमच्या एडिसनच्या अंगणातही दिसत असेल, आणि ती तर अंडी लाकडावर, खुर्च्यांवर, गाडीच्या कडांवर कुठेही घालते. लाकूड पार्कमध्ये किंवा गेटबाहेर विकत घ्या.

तंबू. डब्यावर लिहिलेल्या आकड्यातून दोन वजा करा. 'सहा माणसांचा' म्हणजे चौघे एकमेकांना चिकटून आणि सामान बाहेर. पण म्हणून दहा माणसांचा घेऊ नका. तो इतका पसरतो की कित्येक साइटवरच्या सपाट जागेत मावत नाही, वारा आला की शिडासारखा फुगतो, आणि एक जण बाथरूमला उठला की सहाही जण जागे होतात. सगळ्यांनी तंबूतच राहायचं असेल तर दोन तंबू घ्या: तुमच्यासाठी सहा माणसांचा, आणि सासू-सासऱ्यांसाठी आत उभं राहता येईल असा सरळ भिंतींचा, ज्यात दोन कॉट मावतील. कंपनी कुठलीही असो, वरचं पावसाळी कापड, म्हणजे रेनफ्लाय, जमिनीपर्यंत खाली येणारं हवं. नुसतं टोपीसारखं वर बसणारं कापड आडव्या पावसात काही कामाचं नाही. पहिल्या खेपेला सगळं विकत घेऊ नका. कोणाकडून तरी उसनं आणा, दुकानातून भाड्याने आणा. एकदा राहून आलात की काय हवं ते तुमचं तुम्हालाच कळेल. आणि निघायच्या आदल्या शनिवारी अंगणात किंवा कॉम्प्लेक्सच्या हिरवळीवर एकदा लावून बघा, मुलांना आत खेळू द्या. मुलाच्या मनातली निम्मी भीती तिथेच जाते.

झोपण्याबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण सगळा खेळ इथे आहे. थंडी वरून कमी आणि खालून जास्त लागते. स्लीपिंग बॅगचा अंगाखाली दबलेला भाग ऊब धरत नाही, आणि हवेच्या गादीतली हवा जमिनीइतकीच गार होते. म्हणून हवेची गादी नेत असाल तर तिच्यावर फोमची चटई किंवा दोन सतरंज्या घाला, मग स्लीपिंग बॅग. बॅगवर ४० अंश फॅरनहाइट लिहिलं असेल तर ४० अंशांत माणूस कशीबशी रात्र काढतो, सुखाने झोपत नाही. दहा-पंधरा अंशांची सवड ठेवा. पोकोनोजमध्ये जूनमधल्या पहाटेही पारा पन्नाशीपर्यंत उतरू शकतो. झोपण्याआधी मुलांचे दिवसभर घामेजलेले कपडे आतल्यांसकट बदला, कोरडे मोजे आणि कानटोपी घाला. मुलासाठी एक जास्तीचा कपड्यांचा जोड उशाशीच ठेवा, गाडीत नको. तंबू गरम करायला आत शेगडी, हीटर किंवा निखारे कधीही आणायचे नाहीत, पाऊस पडत असला तरी नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपलेलं माणूस त्यातून उठत नाही.

रात्रीच्या आवाजांची ओळख मुलाला आधीच करून द्या. तळ्याकाठचा बुलफ्रॉग घशातून खर्ज लावतो, रॅकून कूलरचं झाकण वाजवतो, घुबड घुमतं. फोनवर हे आवाज घरी ऐकवले की मुलं तिथे ते ओळखायला उत्सुक असतात. रात्री नऊ-दहानंतर शांततेची वेळ असते. मंडळ जमलं की अंताक्षरी रंगते, पण जंगलात आवाज फार लांब जातो, तेव्हा वेळेवर थांबवा.

खाण्याचं नियोजन तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं कराल, म्हणून मोजकंच. पहिल्या संध्याकाळी तिथे स्वयंपाक करायचा नाही. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, दही, लोणचं. सगळ्यांची पोटं तासाभरात भरतात आणि तंबू लावायला उजेड उरतो. पावभाजीची भाजी किंवा राजमा घरून पिशव्यांत गोठवून न्या. दुसऱ्या दिवशीपर्यंत तोच कूलरमध्ये बर्फाचं काम करतो. दोन बर्नरच्या प्रोपेन शेगडीवर छोटा कुकर व्यवस्थित चालतो, आणि खिचडीसारखं दुसरं काही नाही. जुलै-ऑगस्टमध्ये गेलात तर वाटेत शेतावरची जर्सी कॉर्न घ्या, निखाऱ्यावर भाजा, लिंबू-तिखट-मीठ चोळा. सासऱ्यांना हे काम सोपवा, त्यांना आवडेल. भांडी पाण्याच्या नळाखाली घासायची नाहीत. दोन टब न्या, खरकटं गाळून कचऱ्यात टाका आणि पाणी पार्कने सांगितलेल्या जागी ओता.

इथे अस्वलांचा विषय येतोच. न्यू जर्सीच्या एकवीसही काउंटींत काळी अस्वलं दिसलेली आहेत, आणि पोकोनोज तर त्यांचं घरच आहे. घाबरण्यासारखं नाही, पण नियम कडक पाळायचे. खाण्याचा कुठलाही पदार्थ तंबूत नको, बिस्किटाचा पुडाही नको, मुलाची दुधाची बाटलीही नको. टूथपेस्ट, लिप बाम, सासूबाईंच्या पर्समधला खोबऱ्याच्या वडीचा डबा, हे सगळं रात्री गाडीत काचा लावून, किंवा साइटवर लोखंडी पेटी असेल तर तिच्यात. फोडणीचा वास अंगावरच्या कपड्यांना लागतो, म्हणून स्वयंपाकाचे कपडेही तंबूत न्यायचे नाहीत.

शेकोटीजवळ भाजतं ते बहुतेक ज्वाळेने नाही. सकाळी मूल अनवाणी राखेत पाय घालतं आणि राखेखाली निखारा जिवंत असतो. झोपण्याआधी भरपूर पाणी ओता, काठीने ढवळा, पुन्हा ओता, हात वर धरून धग येत नाही हे पाहा. रिंगपासून तीन फुटांवर दगडांनी किंवा दोरीने गोल आखून द्या, त्याच्या आत मुलाने यायचं नाही. तंबूच्या दोऱ्यांना जुन्या पांढऱ्या कापडाच्या चिंध्या बांधा, नाही तर अंधारात आधी मुलगा आणि मग आजोबा अडखळतील. दोन्ही मुलांच्या गळ्यात शिट्टी हवी, आणि शिकवण एकच: चुकलो असं वाटलं की आहे त्या झाडापाशी थांबायचं, शिट्टी वाजवायची, शोधायला निघायचं नाही. पाण्यापाशी मात्र तुमच्यापैकी एकाने सतत हाताच्या अंतरावर राहायचं. पेनसिल्व्हेनियातल्या बऱ्याच पार्कांच्या किनाऱ्यांवर जीवरक्षक नसतात.

सासू-सासऱ्यांची औषधं दोन जागी विभागून ठेवा. फोनला रेंज नसेल हे धरून चला. पार्कचं नाव, लूप आणि साइट नंबर एका कागदावर लिहून टेबलाला चिकटवा. मदत बोलवायची वेळ आली तर पहिला प्रश्न 'कुठे आहात' हाच येतो.

इथवरचं थोडक्यात: आधी सासूबाईंची घरची चाचणी, त्यावरून कॉटेज की कॉट हा निर्णय, मग चार जुलै टाळून दोन रात्रींचं बुकिंग, बाथरूमपासून बेताच्या अंतरावरची साइट, खालून ऊब, आणि पहिल्या संध्याकाळी घरून नेलेलं जेवण. शुक्रवारी जाणार असाल तर त्या दिवशी अर्धी रजा घ्या. शुक्रवारी पाचला निघून रूट ८० किंवा ७८ वर अडकलात तर नऊला अंधारात पोचाल आणि पहिलाच तंबू टॉर्चच्या उजेडात लावावा लागेल. चारपर्यंत साइटवर असा.

पावसाचं काय? दुपारी तासभर कोसळून जाणारा पाऊस असेल तर जा. टेबलावर दोऱ्यांनी ताडपत्री बांधा, पत्ते आणि चहा सोबत ठेवा. दोन्ही दिवस सलग पाऊस सांगितला असेल तर पहिल्या खेपेला रद्द करा. गडगडाट ऐकू आला की तंबूतून सगळ्यांनी गाडीत बसायचं, शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास होईपर्यंत. विजेपासून तंबू अजिबात वाचवत नाही. ओला तंबू घरी आणला तर त्याच दिवशी गॅरेजमध्ये किंवा बाथटबवर पसरून वाळवा. दोन दिवस पिशवीत राहिला तर बुरशी धरते आणि तो वास जात नाही.

शेवटचं गोचिडींचं. आपल्या भागातली हरणांवरची गोचीड लाइम रोग पसरवते, आणि मे ते जुलै या काळात तिची पिल्लं खसखशीच्या दाण्याएवढी असतात. सहज दिसत नाहीत. फुलपँट, पँट मोज्यांत खोचलेली, बुटांवर आणि कपड्यांवर आदल्या दिवशी परमेथ्रिन या कीटकनाशकाचा फवारा मारून वाळवलेला, उघड्या अंगावर डीईईटी असलेलं कीटक पळवणारं औषध. रोज संध्याकाळी आणि घरी आल्यावर मुलांचं अंग तपासा: कानामागे, केसांत, काखेत, बेंबीत, जांघेत, गुडघ्यामागे. सासूबाईंच्या साडीच्या निऱ्या आणि परकराची नाडी बांधतात ती कंबर विसरू नका. आल्याबरोबर कोरडे कपडे न धुता आधी दहा मिनिटं ड्रायरमध्ये जास्त उष्णतेवर फिरवा, नुसत्या धुण्याने गोचीड मरेलच असं नाही. चिकटलेली दिसली तर बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढा. तेल, मेणबत्ती, पिरगाळणं काही नको. जागा साबणाने धुवा आणि तारीख लिहून ठेवा. पुढच्या तीन ते तीस दिवसांत तिथे पसरत जाणारा लाल चट्टा आला किंवा ताप आला तर डॉक्टरांना ती तारीख दाखवा. सासू-सासरे तोवर सांगलीला परतले असतील तर तो कागद त्यांच्या सामानात घाला, कारण तिकडच्या डॉक्टरांच्या मनात लाइमचं नाव सहसा पटकन येणार नाही.